उत्तर दिलं नाही म्हणजे मेला?

खराडीच्या बसमध्ये दत्तोबांनी पेपर उघडला खरा, पण मागच्या सीटवरच्या बाईंनी शेजारच्या सहकाऱ्याला असं धारेवर धरलं होतं, की त्यांचं पान काही उलटेना.

"ऋषी, डिस्क एक, सर्व्हर दोन. एका वेळी एकानंच लिहायचं, ठरलं होतं ना?"

"हो मॅडम. पण पहिला मेला, म्हणून डिस्क दुसऱ्याला दिली."

"मेला, हे कशावरून?"

"उत्तर देत नव्हता."

"आधी बंद केलास त्याला?"

"मेलेल्याला काय बंद करायचं?"

"अरे, तो नुसता हळू चालला होता! दोघंही एकाच जागी लिहीत बसले. हॉस्पिटलच्या चारशे पेशंटच्या रिपोर्टची वाट लागली!"

"सॉरी, मॅडम."

"काल दिवसभर तू माझा फोन उचलला नाहीस. मी तुझ्या खुर्चीत दुसरा बसवला?"

"नाही, मॅडम."

"तेच चुकलं माझं."