दारावरचा गालिचा

हरारमध्ये पिठाच्या रांगेत नेबिलाच्या मागे दोन बायका बोलत होत्या. मागे वळायची तिची छाती होईना.

"मैमुना, दारावरचा गुंडाळलेला गालिचा उतरव आता."

"का? घरात लग्नाची मुलगी आहे, हे लोकांना कळायला नको?"

"अगं, तुझ्या रुकियाला जेद्दात पुरून वर्ष झालं! त्या मालकिणीनं राबवून मारली पोरीला."

"फोनवर सांगितलं त्या मालकिणीनं. मी कुठं कबर पाहिलीय?"

"आणि भिंतीवरच्या टोपल्या पुसल्यास, बसायच्या ओट्यांना लाल माती लावलीस, ते कुणासाठी?"

"मग पाहुण्यांना काय कळकट घरात बसवू?"

"कुठले पाहुणे?"

"काल आले होते, गालिचा बघून. मुलगा शिक्षक आहे."

"या अल्ला! काय सांगितलंस त्यांना?"

"बाजारात गेलीय म्हटलं. शुक्रवारी परत येणारेत."