प्लास्टिकला पक्कड लावायची नाही

प्लंबर : ...ते सगळं खरं, पण गिझरचा खटका बंद केलात का, ते सांगा. मग मी हात घालतो.

उस्ताद : चाळीस वर्षं हेच काम केलं रे बारक्या. आता तू मला खटका शिकवणार?

प्लंबर : शिकवत नाही, विचारतो. खटका विचारल्याशिवाय गिझरला हात लावायचा नाही, हे तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलंय. वहिनी, ती बादली जरा सरकवता? अजून गळतंय.

सून : घ्या. सकाळी नुसता फवारा उडाला, भाऊ. मी दारात, बॅग हातात, खाली स्टँडवर जायची रिक्षा येऊन थांबलेली. आणि बाबा आतून ओरडले, नळी फुटली म्हणून.

प्लंबर : म्हणजे आज निघाला होतात?

सून : गेल्या रविवारीही निघालेच होते. तेव्हा फ्लशची टाकी गळायला लागली. त्याच्या आधी बेसिनची नळी. लग्न होऊन महिना झाला, नवरा तिकडे वाट बघतोय आणि मी इथे बादल्या लावत फिरतेय. घरातलं सगळं ठाकठीक करून मगच येईन, असं सांगून बसले ना!

उस्ताद : जुनं घर आहे. एक ना एक निघतंच.

प्लंबर : घर जुनं आहे, नळ्या नव्या आहेत. दोन वर्षांपूर्वी मीच बदलल्या.

उस्ताद : मग तू वाईट बसवल्यास.

सून : भांडू नका. मी फोन करून कळवते, आजही जमत नाही म्हणून.

(सून बाहेरच्या खोलीत जाते.)

प्लंबर : उस्ताद, जरा इकडे या. हा नट बघा.

उस्ताद : बघितला. उभा चिरलाय.

प्लंबर : चिरलाय ते मलाही दिसतंय. कडेला या दातांच्या खुणा कसल्या?

उस्ताद : चष्मा नाही माझ्याजवळ.

प्लंबर : कपाळावर आहे. कामाला लागलो त्या पहिल्याच महिन्यात मी असा एक नट फोडला होता. तुम्ही अख्ख्या इमारतीसमोर माझी लाज काढलीत. म्हणालात, प्लास्टिकला पक्कड लावायची नाही. हाताने आवळायचं, हाताला घट्ट लागलं की थांबायचं. तेव्हापासून माझ्याकडून एक नट फुटला नाही. आणि तुमच्या घरात महिन्याभरात तीन?

उस्ताद : हळू बोल. ऐकेल ती.

प्लंबर : उस्ताद, तुम्ही?

उस्ताद : आत तिच्या बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला आणि माझा हात पक्कडीकडे गेला. दोन वेढे जास्त दिले, बस. कडकन वाजलं. बरं वाटलं रे मला! आणि पुढच्याच क्षणी इतकी शरम वाटली, की तिथेच फवाऱ्याखाली उभा राहिलो.

प्लंबर : पण हे स्थळ तर तुम्हीच शोधलंत.

उस्ताद : मीच. तीन वर्षं पाठीस लागलो तिच्या. म्हटलं, पोरी, माझा मुलगा गेला यात तुझा काय गुन्हा? अजून चाळिशीही आली नाही तुझी. मोठा शहाणा ना मी! लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, हात जरासुद्धा हलला नाही. घरी आलो, दारात तिच्या चपला दिसल्या, तेव्हा कळलं काय करून बसलो ते.

प्लंबर : मग सांगा की तिला सरळ. थांब चार दिवस म्हणावं.

उस्ताद : मी सांगितलं तर ती चार दिवस नाही थांबणार, कायमची थांबेल. म्हणून तर सांगत नाही.

प्लंबर : आणि तुम्हीच गेलात तिच्याबरोबर? तिच्या नवऱ्याने बोलावलं होतं म्हणे.

उस्ताद : बोलावलं. भला माणूस आहे. पण पहिल्या नवऱ्याचा बाप तिने आंदण म्हणून न्यायचा का? रोज सकाळी त्याने माझं तोंड बघायचं? माझ्या मुलाचं नाक आहे या तोंडावर. तो गेला तेव्हा मी रडलो नाही, तू होतास तेव्हा. तिला सांभाळायचं होतं. अजून रोज जेवताना आम्ही दोघं त्याला शिव्या घालतो, चव न बघता वरून मीठ घ्यायचा म्हणून. ती गेली की मी एकट्याने कुणाला शिव्या घालू? तो पुन्हा एकदा जाणार रे, बारक्या.

प्लंबर : नवी नळी लावतो मी. द्या तो नवा नट.

उस्ताद : थांब. मी बसवतो. हातानेच.

प्लंबर : बसवा. वॉशर बघा सरकला नाही ना.

उस्ताद : गप. ...हं. सोड पाणी. बघ, एक थेंब नाही.

प्लंबर : नाही.

उस्ताद : आता ही पक्कड घेऊन जा.

प्लंबर : ही? अहो, तुमच्या हाताने मूठ झिजलीय हिची.

उस्ताद : म्हणूनच ने. माझ्या हाताशी राहिली तर ती पोरगी या घरातून निघायची नाही.

(सून परत येते.)

सून : झालं का, भाऊ? काय निघालं?

प्लंबर : काही नाही, वहिनी. नट खराब निघाला. हल्ली माल असाच येतो.

सून : आणि बाबांची पक्कड तुमच्या पिशवीत कशी?

प्लंबर : माझी मोडली. मागून घेतली.

सून : तुम्हाला खोटं जमत नाही हो. बेसिनची नळी फुटली तेव्हाच मला कळलं होतं. त्याच दिवशी मी ही पक्कड माळ्यावर टाकली, जुन्या गाद्यांच्या मागे. बाबांना या गुडघ्याने स्टुलावर चढता येत नाही.

उस्ताद : मग खाली कशी आली?

सून : गेल्या शनिवारी बॅग भरली आणि मीच चढून काढली. खिडकीत ठेवली, तुमच्या हाताला लागेल अशी.

उस्ताद : का गं?

सून : शब्द देऊन बसले होते, बाबा. माझ्याच्याने राहते म्हणवत नव्हतं, आणि तुम्ही थांब म्हणत नव्हता. म्हटलं, निदान काहीतरी फोडाल तरी.

प्लंबर : मी निघतो, वहिनी.

सून : पक्कड ठेवून जा, भाऊ.

उस्ताद : नाही. नेऊ दे त्याला.

सून : बाबा...

उस्ताद : जावईबापू काय म्हणाले फोनवर?

सून : नेहमीचंच. काही हरकत नाही, बाबांचं होऊ दे.

उस्ताद : पुन्हा फोन लाव. सांग, आजच निघते.

सून : आणि तुमचं काय?

उस्ताद : गिझर झालाय नीट. गळत नाही.

सून : मी गिझरचं विचारत नाहीये.

उस्ताद : कळतंय गं मला. ...खटका लाव तेवढा. पाणी तापलं की आंघोळ करून घे, चारची बस आहे.