साहेबांची थ्री-नॉट-थ्री

माझी बायको मीनल यायच्या आत सांगतो, ती असली की सांगू देत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कतारी साहेबांनी आम्हा नवरा-बायकोला दोह्याबाहेर नेमबाजीची स्पर्धा बघायला नेलं. एका आडोशामागून दुसऱ्यामागे पळत, घड्याळ लावून नेम मारायचे. इतरांकडे नव्या रायफली, साहेबांकडे वडिलांची लष्करी थ्री-नॉट-थ्री. तिचा बोल्ट दर गोळीला हाताने ओढावा लागतो. ऐन वेळी साहेबांचा खांदा धरला. "खलास," म्हणत ते ती पेटीत ठेवायला लागले.

"सर, मी मारू?" मीनल म्हणाली. "कॉलेजात कॅडेट होते, अशीच चालवलीय."

"अगं, त्यांच्या वडिलांची वस्तू आहे. काही झालं तर माझी नोकरी जाईल," मी कुजबुजलो.

रेंजवाल्यानं तिची परीक्षा घेऊन परवानगी दिली. बाकीचे धडाधड मारून मोकळे झाले होते. ही मात्र बोल्ट ओढायची, श्वास रोखायची आणि मगच गोळी सोडायची. एकही नेम चुकला नाही, तरी वेळेमुळे नंबर शेवटचा आला.

"मॅडम, इतका वेळ का लावला?" साहेबांनी विचारलं.

"आम्हा कॅडेटना वर्षाला पाचच गोळ्या मिळायच्या, सर," ती म्हणाली. "वाया घालवायची सवयच नाही."