बसून पाळलेली दोन मिनिटे

लिहा, हवालदारसाहेब — राजदीपच्या शोकसभेत गावाने मौन उभ्याने नव्हे, बसून पाळावे, हे ध्वनिक्षेपकावरून मीच सांगितले. मीच, एकटीने, कोणाच्याही चिथावणीवाचून — 'चि' ऱ्हस्व लिहा, तक्रारीत दीर्घ पडला आहे. वर्दीत आहात म्हणून साहेब म्हणते, उमेंद्र. चौथीत असताना तुम्हाला काय म्हणत होते ते लिहू नका. तर शोकसभा भरवणाऱ्या घनश्यामजींची तक्रार काय — मी शहिदाचा अपमान केला. मी! तिकडे सीमेवरच्या लढाईत आपला राजदीप गेला, तीन दिवस गावात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि यांना चिंता कशाची? फोटोची. राजदीपची थोरली बहीण स्नेहल — लहानपणी पोलिओ झाला, उभी राहू शकत नाही, तीनचाकीवर फिरते — तिची तीनचाकी यांनी मंडपामागे, जनरेटरजवळ नेऊन ठेवली. का, विचारले मी. तर म्हणे, "सारे उभे रायतीन अन् बहीनच बसून रायली, तं फोटो बरा नाही दिसत, बाई."

सख्खी बहीण जनरेटरपाशी! मग माझ्या हाती ध्वनिक्षेपक आला — राजदीपची शिक्षिका म्हणून दोन शब्द बोला, म्हणाले. मी दोनच बोलले. "खाली बसा." चौतीस वर्षे या गावाने माझ्या तोंडून ते ऐकले आहे — डोके विचार करायच्या आत गुडघे वाकतात. सरपंच बसले, गोरेगावच्या बाजाराला निघालेली माणसे पिशव्यांसकट बसली, घनश्यामजी पांढऱ्या कडक इस्त्रीनिशी ओल्या सड्यात बसले — डाग निघाला का हो? — आणि बंदोबस्ताला होतात तुम्ही, तुम्हीही बसलात. हाताची घडी घालून. तेही लिहा. का थांबलात? अपमान म्हणे! पार्वताबाई, त्याची आई, तीन दिवस जमिनीवरच बसून होती. आपण सारे तिच्याशेजारी जाऊन बसलो, एवढेच. चार पोरी तीनचाकी आणायला धावल्या, तर स्नेहल म्हणाली, "हात नोका लावू, मी येतो." आली, आईजवळ थांबली, मग दोन मिनिटे. एक सेकंद कमी नाही, माझे घड्याळ होते.

नंतर तिने मला विचारले, "बाई, तेव्हा काऊन नाही बसवलं सगळ्यायले?" — हे लिहू नका. तेव्हा म्हणजे? तेव्हा म्हणजे काही नाही, पुढे चला. असे बघू नका माझ्याकडे — हो, तुम्ही होतात त्या रांगेत, ठाऊक आहे मला. सव्वीस जानेवारी, तपासणीला साहेब यायचे, रांग सरळ दिसायला हवी — म्हणून मी तिला वर्गात ठेवले. सावलीत, पंख्याखाली! कडी नव्हती लावली. लावली होती. आणि पहिलीतला तो राजदीप, झेंडावंदनाची रांग मोडून, त्या बंद दाराशी जाऊन मांडी घालून बसला — आणि मी त्याला, बसला म्हणून, दिवसभर उभे केले. अरे उमेंद्र, दिवसभर रे!

खोडा ते. कालच्या ग्रामसभेचे लिहा. राजदीपच्या स्मारकाला आराखड्यात चार पायऱ्यांचा चौथरा होता. घनश्यामजी म्हणाले, स्नेहलला आम्ही उचलून वर नेऊ. ती म्हणाली, "मी का धानाचा पोता आहो?" सभा हसली, मग आराखडा पुन्हा उघडला. ठरले ते असे — पायरी एकही नाही, फरशी रस्त्याच्या पातळीला, आणि पुण्यानुमोदनाच्या स्मरणसभेत मौन बसूनच. पहिला हात पार्वताबाईचा, मग सरपंचांचा, मग सगळ्या सभेचा. घनश्यामजींचा सर्वांत शेवटी, तोही कोपरापर्यंतच — पण आला. स्नेहल? तिनेही केला वर, ठरावाला. माझ्या माफीचा विषय सभेपुढे नव्हता. तो मी आज सकाळी तिच्या घरी जाऊन मांडला. ती म्हणाली, "पाहू, बाई." त्याला मी संमती दिली. या आता, जाताना माझ्या अंगणाचे फाटक लावून घ्या.