लांब दांड्याचं फावडं

नॉरफोकमधल्या अवजारांच्या दुकानात हिलरी रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"बॅझिल, ते खुरपं ठेव. लांब दांड्याचं फावडं घे."

"यंत्राने जमिनीतली जुनी नाणी शोधणाऱ्याला फावडं? क्लबातले हसतील, डोरीन."

"परवा बाटलीच्या पत्र्याच्या बुचासाठी गुडघ्यांवर बसलास आणि शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवून उठवलं. तेव्हा नाही हसले?"

"क्लबातला नॉर्मन असता तर त्याने हात दिला असता."

"नॉर्मनला चर्चमागच्या दफनभूमीत पोचवून आलो ना आपण."

"मग यंत्रच विकतो. दमलो आता."

"नको बाबा! घरी बसलास तर माझं डोकं खणशील. मी येते हात द्यायला."

"आणि तुझी कंबर?"

"हं. मग फावडंच घे. दोघं त्यालाच धरून उठू."