बफेलो म्हणायचं कुणाला

साउथ डकोटातल्या सरकारी कचेरीत लोर्ना अंडी विकायच्या परवान्यासाठी बसली होती. शेजारी डेल्फीन ही लाकोटा आदिवासी जमातीतली म्हातारी होती आणि पलीकडे म्हशी पाळणारा आर्लन. मांसाच्या पाकिटावरची लेबलं दोघांचीही परत आली होती.

“मावशी, तुमचं काय चुकलं?” लोर्नाने विचारलं.

“आमच्या केसाळ रानगव्यांना मी ‘बफेलो’ लिहिलं. ‘बायसन’ लिहा म्हणतात.”

“मीही ‘बफेलो’च लिहिलं होतं,” आर्लन म्हणाला. “ मला म्हणतात, ‘वॉटर बफेलो’ लिहा.”

“तुझ्या म्हशी पाण्यात बसतात ना?”

“दिवसभर. हाकलल्या तरी उठत नाहीत.”

“मग खरंच तर लिहायला सांगतात.”

“पण गिऱ्हाईक म्हणेल, याने मांसात पाणी घातलंय.”

“आणि माझं रे? आमच्या सात पिढ्यांत कुणी बायसन म्हटलं नाही. शनिवारच्या बाजारात मी हाक काय मारू?”

“तोंडाने बफेलोच म्हणा. वर बायसन छापा आणि खाली बारीक अक्षरात तुमच्या भाषेतलं नाव. चालतं, मी खिडकीवर विचारलंय.”

“तुला काय करायचं होतं माझ्या भाषेचं?”

“तुमचा कागद परत देताना दिसला मला. तोंड उतरलं होतं तुमचं.”

म्हातारीने पेन मागून घेतलं आणि सावकाश ‘प्ते’ असं लिहिलं.

“चव कशी रे तुझ्या पाण्यातल्या म्हशींची?”

“गाडीत बर्फाच्या पेटीत आहे थोडं. पण लेबलाशिवाय विकता येत नाही.”

“विकत कोण मागतंय? माझ्याही गाडीत आहे. तुझं मला दे, माझं तू ने.”

लोर्नाचा नंबर खिडकीवरून तिसऱ्यांदा पुकारला, तेव्हा कुठे तिला तो ऐकू आला.