ताप कायचा होता?

आता तुम्हीबी तेच विचारा म्हणजे झालं... ताप कायचा होता? सांगतो जी, बसा, चहा टाकलाच हाये. खुशी, माही लहानी बहीण, पहिलीत होती, तिले जाऊन अजून महिना नाही झाला, पण भेटाले येणारा माणूस चप्पल काढता काढता हेच विचारते, अन् मी तोंड उघडायच्या आत जवाबबी तोच देते.

आमचे पुंडलिककाका म्हणते, "टायफाइड होता बाबू, अंगात मुरला होता." म्हटलं काका, रक्तात नाही निघाला. "मंग मलेरिया." तोबी नाही. "डेंगू?" नाही जी. तर माह्यावरच चिडले, जसा मीच त्यायचा पेपर तपासून राह्यलो. शेजारची धुरपताबाई म्हणते, दात येत असतीन. अवो, तिचे तर पडून राह्यले होते, पडलेला दात मुठीत घेऊन साऱ्या गल्लीले दाखवत फिरली ती... जाऊ द्या. साखर चालते ना?

तर ताप कायचा होता? गावच्या डॉक्टरनं सुई दिली का उतरे, सांजच्याले अंग पुन्हा तव्यासारखं. थर्मामीटर काढला का मले विचारे, "दादा, पास झाली का मी?" मी म्हणो, हो, लय मार्क पडले.

शेवटी यवतमाळले नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पोट दाबलं, जीभ पाह्यली, मंग कानामागची काजळाची तीट ओल्या कापसानं पुसली. पुसली तरी काळीच. मले बाजूले नेऊन म्हणते, "अरे, तिटीखाली खपली आहे. गवतातला बारीक किडा चावतो, त्याचा हा ताप. आधी दिसली असती तर गोळ्यांनी उतरला असता."

हळू बोलतो, माय आत हाये. सोयाबीनच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात खेळे खुशी. अन् तीट लावाची जागाच कानामागं, तर माय रोज तिथंच काजळ लावे. ताप वाढला तसं काजळबी वाढलं. आता कोणावर चिडू मी, किड्यावर?

काल माय चुलीपुढं बसली अन् तिनंबी विचारलंच, "बाबू, ताप कायचा होता रे?"

म्हटलं, "नजर लागली व माय."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मंग म्हणते, "नजर कशी लागन? तीट तर म्या एक दिवस चुकवली नाही."

आता याले काय सांगता, सांगा? म्हटलं, "मले काय मालूम माय, मी सातवी नापास."

घ्या जी, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.